नाकेबंदीचा हिशेब

शस्त्र न उचलता प्रतिपक्षाला नमविण्याचा मार्ग म्हणून राज्यकर्ते आर्थिक निर्बंधांकडे पाहतात. रक्त सांडत नाही, म्हणून तो मार्ग सौम्य वाटतो. परंतु त्याची झळ कोणाच्या चुलीला लागते, याचा हिशेब क्वचितच मांडला जातो. तो समजून घेण्यासाठी आपणांस दूर जावयास नको. गोव्याचा इतिहास पुरेसा बोलका आहे.

१५ ऑगस्ट १९५५ रोजी गोव्यात शिरलेल्या निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळीबार केला. वीसहून अधिक सत्याग्रही हुतात्मे झाले. देश संतप्त झाला आणि भारत सरकारने नाकेबंदी कडक केली. रेल्वे थांबली, व्यापार तुटला, परवान्यावाचून ये-जा दुरापास्त झाली, गोव्यात पैसे पाठविण्यावर बंधने आली. गोवामुक्तीचा हेतू न्याय्य होता, याविषयी आमच्या मनात किंचितही संदेह नाही. प्रश्न आहे तो साधनाचा.

सालाझार यांच्या राजवटीने दुसऱ्या वाटा शोधल्या. पाकिस्तानातून तांदूळ, हॉलंडमधून बटाटे, जपानमधून सिमेंट येऊ लागले. दाबोळीला विमानतळ झाला. लोहखनिजाची निर्यात तर पूर्वीपेक्षा कितीतरी वाढली. राजवट तगली. कोंडी झाली ती मुंबईत ‘कूड’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गाववार क्लबांत राहून, पोटाला चिमटा काढून घरी पैसे धाडणाऱ्या गोवेकराची आणि त्या पैशांची वाट पाहणाऱ्या त्याच्या कुटुंबाची. अखेर डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला, तो लष्करी कारवाईने.

याच्या शेजारी १९९८ सालची घटना ठेवून पाहावी. मे महिन्यातील अणुचाचण्यांनंतर अमेरिकेने प्रथम भारतावर व मग पाकिस्तानवर निर्बंध लादले. पाकिस्तान हे अमेरिकी गव्हाचे मोठे गिऱ्हाईक. आपल्या शेतकऱ्यांचा माल पडून राहील, हे ध्यानी येताच अमेरिकी काँग्रेसने धान्यविक्रीसाठीच्या कर्जांना सूट देणारा कायदा संमत केला आणि १४ जुलै रोजी राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी त्यावर स्वाक्षरी केली. अवघ्या दोन महिन्यांत हिशेब तपासला गेला, कारण ज्यांना तोशीस पडणार होती त्यांच्या हाती मत होते. गोव्यातील मातेचा दिल्लीच्या संसदेत कोणी प्रतिनिधी नव्हता.

यातून आम्हांस एवढेच सुचवावेसे वाटते. निर्बंध लादणाऱ्या शासनाने त्यांचा हेतू आरंभीच स्पष्ट शब्दांत नोंदवावा. त्यांना मुदत असावी. संसदेने पुन्हा मान्यता दिली नाही, तर ते आपोआप संपावेत. अन्न, औषधे आणि कुटुंबासाठी पाठविलेला पैसा यांना हात लावू नये. राजवटीला किती झळ पोहोचली आणि प्रजेला किती, याचा अहवाल ठरावीक काळाने सभागृहापुढे यावा. हेतू साधत नसेल, तर माघार घेण्यात कमीपणा मानू नये.

ज्याला मत नाही, त्याचे दुःखही तराजूत पडले पाहिजे. तसे झाले नाही, तर न्याय्य हेतूचीही किंमत निरपराध माणसेच मोजत राहतील.