जागल्याची परीक्षा



पीक उभे राहिले की वऱ्हाडातला शेतकरी शेतावर जागल्या ठेवतो, आणि तो जागा आहे ना, हे रात्री हाक मारून पाहतो. कारखान्यातील विजेच्या जागल्याला अशी हाक कशी मारावी, हे माणूस कसे शिकला, तो इतिहास आज सांगावयाचा आहे.

आपल्या बुलढाणा जिल्ह्याचे कामगारजीवन कापसाभोवती उभे राहिले. १८७० मध्ये लॉर्ड मेयो यांच्या हस्ते खामगावचा लोहमार्ग खुला झाला. खामगाव-मलकापुरात जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने वाढले. पुढे तेथील एंजिनांची जागा विजेच्या मोटारींनी घेतली. २० जून १९६० रोजी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले. १९६१ मध्ये शेजारच्या अकोला जिल्ह्यात पारसचे वीजकेंद्र सुरू झाले. वीज आली, कष्ट हलके झाले. पण जेथे रुई उडते तेथे एक ठिणगीही पुरते.

रक्षणाचा पहिला उपाय साधा होता. एडिसनने १८८० मध्ये फ्यूजचे पेटंट मिळविले. प्रवाह वाढला की तार वितळते आणि वीज तुटते. मात्र तिच्या जागी कोणी जाड तार बसविली की रक्षण संपले. मोठ्या कारखान्यांत मग रिले आणि सर्किट ब्रेकर आले. रिलेने आज्ञा द्यावी, ब्रेकरने वीज तोडावी. पण आत धूळ बसली, वंगण घट्ट झाले, तरी ही साधने बाहेरून ठाकठीकच दिसतात.

परीक्षेसाठी मुद्दाम शॉर्टसर्किट करणे म्हणजे बादली तपासण्यासाठी घर पेटविणे! तंत्रज्ञांनी यावर युक्ती काढली. ट्रान्सफॉर्मरच्या एका बाजूस बारीक तारेचे पुष्कळ वेढे, दुसरीस जाड तांब्याचे मोजके वेढे. दाब उतरतो, प्रवाह चढतो. वाटेतील एकूण अवरोध ओहमचा हजारावा भाग असेल, तर अवघ्या १ व्होल्टने १,००० अँपिअर वाहतात. हा प्रवाह साधनातून सोडावयाचा आणि वेळ मोजावयाची. ३/१० जातीच्या रिलेची वेळ १ वर लावली असता, ठरविलेल्या प्रवाहाच्या दुपटीला सुमारे १० सेकंदांत आणि दसपटीला सुमारे ३ सेकंदांत त्याने आज्ञा दिली पाहिजे. एकट्या रिलेत थोडा प्रवाह सोडूनही चाचणी होते. परंतु मुख्य मार्गातून प्रवाह सोडला तरच करंट ट्रान्सफॉर्मर, जोडतारा, रिले आणि ब्रेकर ही सारी साखळी कसास लागते.

१९६० मध्ये स्थापन झालेल्या सेंट्रल पॉवर रिसर्च इन्स्टिट्यूटच्या प्रयोगशाळांत स्विचगिअरचे नमुने तपासले जातात. पण नमुना उत्तीर्ण झाला म्हणून आपल्या भिंतीवरची, वीस वर्षे धूळ खाल्लेली पेटी उत्तीर्ण होत नाही. १९५६ च्या भारतीय वीज नियमांनी ग्राहकाच्या वीजजोडणीची तपासणी पाच वर्षांच्या आत ठरविली होती. त्या नियमांच्या जागी २०१० मध्ये केंद्रीय वीज प्राधिकरणाचे विनियम आले. कायदा बदलला, पण संघटनेच्या कामात मी पाहिलेल्या कित्येक कागदांवर ‘ठीक आहे’ एवढाच शेरा आहे.

मित्रहो, ‘ठीक आहे’ हे माप नव्हे. पगार आणि बोनस यांच्या मागण्यांशेजारी आणखी तीन प्रश्न लिहा: किती अँपिअर सोडले? किती सेकंदांत वीज तुटली? तपासणी कोणत्या तारखेला झाली? यंत्रापाशी उभ्या असलेल्या माणसाला ही उत्तरे मागण्याचा हक्क आहे.