हौशी रेडिओ आकाशक : मापन व तुलना

हौशी रेडिओ केंद्राचा आकाशक म्हणजेच अँटेना किती ऊर्जा व कोणत्या दिशेने प्रारित करतो हे ठरविणे म्हणजे त्याच्या कार्यमानाचे मापन होय. हौशी प्रेषकाची शक्ती परवान्याने मर्यादित केलेली असते. त्यामुळे पल्ला वाढविण्यासाठी आकाशक सुधारणे हाच मुख्य उपाय उरतो. ३ डेसिबेल लाभ हा त्या दिशेपुरता प्रेषकाची शक्ती दुप्पट करण्यासारखाच असतो. परंतु एवढा फरक खात्रीने ओळखणे दीर्घकाळ अवघड होते. आकाशकाचा परिणाम संकेताच्या मार्गातील बदलांपासून वेगळा काढण्याचे प्रयत्न, हेच या विषयाच्या इतिहासाचे मुख्य सूत्र आहे.

प्रारंभीचा काळ : आरंभी आकाशकाची गुणवत्ता गाठलेल्या अंतरावरून ठरविली जाई. डिसेंबर १९२१ मध्ये अमेरिकन हौशी केंद्रांचे संकेत अटलांटिकपार पोहोचतात किंवा नाही हे पाहण्यासाठी पॉल गॉडली यांना स्कॉटलंडमधील आर्ड्रॉसन येथे पाठविण्यात आले. तेथे त्यांनी बेव्हरेज पद्धतीचा, जमिनीपासून थोड्या उंचीवर ताणलेला लांब तारेचा आकाशक उभारला आणि कनेक्टिकटमधील १बीसीजी या केंद्राचे सु. २३० मी. तरंगलांबीवरील संकेत ग्रहण केले. प्रयोग यशस्वी झाला; तथापि गॉडली यांच्याकडील ग्राहीही त्या काळी अत्यंत संवेदनशील होता. त्यामुळे यशातील आकाशकाचा, ग्राहीचा व त्या रात्रीच्या वातावरणाचा वाटा निरनिराळा सांगता येत नव्हता.

संकेतबलाची श्रेणी : १९३४ मध्ये आर्थर ब्राटेन यांनी सुस्पष्टता, बल व स्वर या तीन अंगांनी संकेताचे वर्णन करण्याची पद्धत सुचविली. तीत बलासाठी १ ते ९ ही श्रेणी होती. मात्र ती ऐकणाऱ्याच्या कानावर अवलंबून होती. पुढे ग्राहींवर संकेतबलमापक बसविले जाऊ लागले, पण त्यांच्या वाचनांत एकवाक्यता नव्हती. आंतरराष्ट्रीय हौशी रेडिओ संघाच्या पहिल्या विभागाने १९८१ मध्ये ब्रायटन येथे ३० मेगॅहर्ट्‌झखालील कंप्रतांसाठी नववी पायरी ५० मायक्रोव्होल्ट व प्रत्येक पायरी ६ डेसिबेल अशी शिफारस केली. यावरून ३ डेसिबेलचा फरक जेमतेम अर्ध्या पायरीचा ठरतो. उलट, आयनांबरातील बदलांमुळे लघुतरंग संकेतात काही सेकंदांतच २० डेसिबेल किंवा अधिक चढउतार होऊ शकतो. म्हणून काल जुन्या व आज नव्या आकाशकावर मिळालेल्या अहवालांची तुलना निष्कर्ष काढण्यास पुरेशी नसते.

संदर्भ आकाशक : लाभ ही सापेक्ष राशी आहे. सर्व दिशांना सारखे प्रारण करणारा काल्पनिक समदिक् आकाशक संदर्भ धरल्यास, अर्धतरंग द्विध्रुवी आकाशक धरला असता येतो त्यापेक्षा लाभाचा आकडा २.१५ डेसिबेलने मोठा येतो. जमिनीवरील परावर्तन हिशेबात घेतल्यास त्यात आणखी ६ डेसिबेलपर्यंत भर पडू शकते. आकाशकात काहीही बदल न करता त्याचा आकडा असा फुगविता येतो. संदर्भ न सांगितलेल्या आकड्यावर विसंबून आकाशक विकत घेणाऱ्याची त्यामुळे सहज फसगत होते.

या बाबतीत अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेतील पीटर व्हिझबिकी यांचा १९७६ चा अहवाल महत्त्वाचा ठरला. जपानमधील शिंतारो उदा व हिदेत्सुगू यागी यांनी १९२० नंतरच्या दशकात पुढे आणलेल्या दिशिक आकाशकाची ही मापने मुख्यत्वे ४०० मेगॅहर्ट्‌झ कंप्रतेवर करण्यात आली. तेथे तरंगलांबी ७५ सेंमी. असल्याने आकाशकाची लांबी बदलून पाहणे सोपे होते. ०.४ तरंगलांबी एवढ्या आकाशकाला द्विध्रुवाच्या तुलनेत ७.१ डेसिबेल, तर ४.२ तरंगलांबी एवढ्याला १४.२ डेसिबेल लाभ मिळाला. म्हणजे लांबी साडेदहा पट केल्यावर त्या दिशेची शक्ती सु. पाच पटच वाढली. याहून बराच अधिक लाभ सांगणाऱ्या दाव्यांची छाननी करण्यास हौशींना त्यामुळे आधार मिळाला.

गणन व एककालिक तुलना : १४ मेगॅहर्ट्‌झवर तरंगलांबी सु. २१ मी. असल्याने प्रत्यक्ष मापनास मोठे मोकळे क्षेत्र व उंच मनोरे लागतात. १९८० नंतरच्या दशकात संगणकीय गणनपद्धती हौशींपर्यंत पोहोचल्यावर ही अडचण पुष्कळशी दूर झाली. मात्र गणनाची अचूकता जमीन, नजीकच्या तारा व इमारती यांचे वर्णन कितपत यथार्थ आहे यावर अवलंबून राहते.

जोसेफ टेलर यांनी २००८ मध्ये प्रसृत केलेल्या डब्ल्यूएसपीआर पद्धतीने मार्गातील बदलांचा प्रश्न वेगळ्या रीतीने हाताळला. तीत अल्पशक्तीचे, सु. दोन मिनिटांचे संकेत दूरदूरचे ग्राही आपोआप नोंदवितात व त्यांचे संकेत-गोंगाट गुणोत्तर सामायिक संग्रहात जमा होते. सारख्या शक्तीचे दोन प्रेषक दोन आकाशकांवर एकाच वेळी, किंचित भिन्न कंप्रतांवर चालविल्यास दोहोंना जवळजवळ सारखाच मार्ग मिळतो. शेकडो नोंदींतील फरकांचे मध्यमान घेतले की क्षणिक चढउतारांचा प्रभाव बराच कमी होतो आणि एक-दोन डेसिबेलचा फरकही ओळखू येऊ शकतो. मात्र दोन आकाशक परस्परांवर परिणाम करणार नाहीत इतके दूर असणे व त्यांच्या पोषक तारांतील ऱ्हास आधी मोजलेला असणे आवश्यक असते. असा निष्कर्ष त्या स्थळापुरता, त्या दिशेपुरता व त्या काळापुरताच ग्राह्य धरला जातो.