वंशावळीची वही आणि बेवारस कुत्रा

जातिवंत कुत्रा विकत घ्यावा की बेवारस कुत्र्याला घर द्यावे, हा वाद आपल्याला आजचा वाटतो. पण त्याची दोन्ही टोके इंग्लंडमध्ये जवळजवळ एकाच वेळी दिसू लागली. १८५९ साली न्यूकॅसलला पॉइंटर व सेटर या शिकारी कुत्र्यांचे प्रदर्शन भरले. पुढच्याच वर्षी मेरी टील्बी या बाईंनी लंडनमध्ये हरवलेल्या, उपाशी कुत्र्यांसाठी आश्रयगृह उघडले. वृत्तपत्रांनी थट्टा केली. आश्रयगृह मात्र टिकले.

१८७३ मध्ये लंडनला केनेल क्लब स्थापन झाला आणि वंशावळी नोंदल्या जाऊ लागल्या. नोंदलेल्या आईबापांचीच पिल्ले शुद्ध मानली, की बाहेरची जनुके येणे थांबते आणि आतला दोष पसरत जातो. डाल्मेशियन जातीत तसेच झाले. एका सदोष जनुकामुळे त्यांच्या लघवीत युरिक आम्ल वाढले व अनेकांना मूतखडे होऊ लागले. १९७३ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट शायबल यांनी पॉइंटरशी संकर करून निर्दोष जनुक परत आणले. तिथल्या केनेल क्लबने ही शाखा स्वीकारली ती २०११ मध्ये!

म्हणजे शुद्धता ही वहीतली नोंद आहे, आरोग्याची हमी नव्हे. आनुवंशिकता शिकवताना शाळेच्या फाटकाशी झोपलेल्या गावठी कुत्र्याचे उदाहरणही आपण घ्यायला हवे.