कॅश स्मृती : स्थानसंघर्ष व त्याचा इतिहास

संगणकातील आज्ञा प्रत्यक्ष अंमलात आणणारा भाग (प्रक्रियक) आणि मुख्य स्मृती यांच्या दरम्यान ठेवलेल्या लहान पण अतिशीघ्र स्मृतीस कॅश स्मृती म्हणतात. नुकतीच वापरलेली माहिती, तसेच तिच्या शेजारची माहिती, लवकरच पुन्हा लागण्याचा संभव असतो, या अनुभवावर तिची रचना आधारलेली आहे. हवी ती माहिती कॅशमध्ये नसली, म्हणजे चुकामूक झाली, तर प्रक्रियकाला मुख्य स्मृतीची वाट पाहत थांबावे लागते. मुख्य स्मृती कॅशच्या कित्येक पट मोठी असल्यामुळे तिच्यातील कोणता खंड कॅशमध्ये कोठे ठेवावयाचा, हा या रचनेतील मूळ प्रश्न होय. एकाच जागेवर दोन खंडांचा हक्क पोहोचला, तर एकाला बाहेर पडावे लागते. मग बाकीची कॅश रिकामी का असेना. यालाच स्थानसंघर्ष म्हणतात.

या कल्पनेला पूर्वपीठिका होती. मँचेस्टर विद्यापीठात १९६२ मध्ये कार्यान्वित झालेल्या ॲटलस संगणकात चुंबकीय गाभ्यांची स्मृती व चुंबकीय ड्रम यांच्यातील माहितीची देवघेव यंत्रच आपोआप करीत असे. केंब्रिज येथील मॉरिस व्हिन्सेंट विल्क्स (१९१३–२०१०) यांनी १९६५ मध्ये एका अगदी छोट्या निबंधात असेच तत्त्व शीघ्र स्मृतीला लावून दाखविले व तिला ‘दास स्मृती’ असे नाव दिले. पत्त्याच्या शेवटच्या अंकांवरून जागा ठरवावयाची आणि उरलेले अंक त्या जागेपाशी खूण म्हणून नोंदवावयाचे, अशी ही थेट मांडणी होती. शोध एकाच ठिकाणी घ्यावयाचा असल्याने ती स्वस्त व जलद ठरते. परंतु संघर्षाचे बीजही तिच्यातच आहे.

उदाहरणार्थ, ८,१९२ बाइट क्षमतेच्या थेट मांडणीच्या कॅशमध्ये ३२ बाइटांचे २५६ खंड मावतात. एकमेकांपासून नेमक्या ८,१९२ बाइट अंतरावरील दोन पत्त्यांना तीत एकच जागा मिळते. प्रत्येकी ८,१९२ बाइटांच्या दोन सारण्या पाठोपाठ ठेवून त्यांतील संख्यांची जोडीजोडीने बेरीज करू लागल्यास पहिल्या सारणीचा खंड दुसरीच्या खंडाला हुसकावतो व लगेच उलटही घडते. प्रत्येक संख्या चार बाइटांची असेल, तर एरवी आठ संख्यांमागे एकदा होणारी चुकामूक येथे प्रत्येक संख्येमागे होते. दुसरी सारणी केवळ ३२ बाइट पुढे सरकविली, तर हा उपद्रव नाहीसा होतो. आज्ञावली निर्दोष, उत्तरही बरोबर, फक्त वेळ अनेक पट. त्यामुळे हा दोष वर्षानुवर्षे लपून राहू शकतो.

आयबीएम कंपनीने १९६८ मध्ये जाहीर केलेल्या सिस्टिम/३६० मालिकेच्या ८५ क्रमांकाच्या संगणकात कॅश प्रथमच व्यापारी स्वरूपात आली. त्याच्या प्रक्रियकाचे आवर्तन ८० नॅनोसेकंदांचे, तर मुख्य स्मृतीचे सुमारे १ मायक्रोसेकंदाचे होते. ‘कॅश’ हे नावही याच संगणकावरील लेखांच्या वेळी कंपनीच्या नियतकालिकाच्या संपादकांनी सुचविले. येथे संघर्ष टाळण्यासाठी दुसरे टोक गाठण्यात आले. १६ किलोबाइटांची कॅश प्रत्येकी १,०२४ बाइटांच्या १६ विभागांत वाटली होती आणि कोणताही विभाग कोठेही ठेवता येई. मात्र एका विभागातील थोडेच खंड वापरात आले, तरी त्याची सर्व जागा अडून राही. विभाग लहान करून त्यांची संख्या वाढवावी, तर सर्व खुणांची एकाच वेळी तुलना करणारी मंडले महाग पडत.

या दोन टोकांमधील तोड म्हणजे संचमांडणी. तीत पत्त्यावरून एक संच ठरतो व संचातील दोन, चार किंवा अधिक जागांपैकी कोणतीही जागा खंडाला चालते. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या व्हॅक्स-११/७८० (१९७७) या संगणकाची ८ किलोबाइटांची कॅश दोन जागांच्या संचांची होती. इंटेलच्या ४८६ (१९८९) या सूक्ष्मप्रक्रियकात तेवढ्याच क्षमतेत चार जागांचे संच होते. वरील उदाहरणातील दोन सारण्या अशा कॅशमध्ये सुखाने नांदतात.

संघर्षाचे मोजमाप मात्र उशिराच झाले. मार्क हिल यांनी १९८७ च्या आपल्या प्रबंधात चुकामुकींचे तीन वर्ग केले : पहिल्या वापरामुळे अटळ असणाऱ्या, क्षमता अपुरी पडल्यामुळे होणाऱ्या व केवळ संघर्षामुळे होणाऱ्या. त्याच हिल यांनी १९८८ मध्ये थेट मांडणीची बाजू मांडली, हे वरवर पाहता विसंगत वाटेल. परंतु चुकामुकी कमी करण्यासाठी प्रत्येक शोध लांबवला, तर एकंदर वेळ वाढू शकतो, हा त्यांचा मुद्दा रास्त होता. नॉर्मन जुपी यांनी १९९० मध्ये यातून चतुर मार्ग काढला. थेट मांडणीच्या कॅशमधून हुसकावलेले खंड, ज्यांना त्यांनी ‘बळी’ म्हटले, काही काळ एका चिमुकल्या मुक्त कॅशमध्ये ठेवावयाचे. तीत केवळ चार खंड मावत असले, तरी ४ किलोबाइटांच्या कॅशमधील संघर्षजन्य चुकामुकींपैकी २० ते ९५ टक्के टळतात, असे त्यांना आढळले. हा मोठा पल्ला आज्ञावलीपरत्वे संघर्ष किती बदलतो ते दर्शवितो.

अंतरे दोनाच्या घातांत असली की संघर्ष विशेष बळावतो. १,०२४ स्तंभांच्या सारणीपेक्षा १,०२५ स्तंभांची सारणी पुष्कळदा जलद चालते, ती यामुळेच. फ्रान्समधील आंद्रे सेझ्नेक यांनी १९९३ मध्ये कॅशच्या प्रत्येक भागासाठी जागा ठरविण्याचे निराळे सूत्र वापरण्याची तिरपी मांडणी सुचविली. तीत एका भागात भिडणारे खंड दुसऱ्या भागात सहसा भिडत नाहीत.

एकविसाव्या शतकात या प्रश्नाला सुरक्षेचे अंग जोडले गेले. आपले खंड मुद्दाम भरून ठेवावयाचे आणि त्यांतील कोणते हुसकावले गेले ते वेळ मोजून पाहावयाचे, या रीतीने दुसऱ्याच्या आज्ञावलीतील गुप्त किल्ली हस्तगत करता येते, हे ऑस्विक, शमीर व ट्रोमर यांनी २००६ मध्ये दाखविले. त्यावर मोइनुद्दीन कुरेशी यांनी २०१८ मध्ये पत्ते सांकेतिक करून जागांचे नियम वेळोवेळी बदलण्याची योजना मांडली. मात्र एकमेकांशी भिडणारे खंड शोधण्याच्या अधिक जलद पद्धती लवकरच पुढे आल्या. तेव्हा २०१९ मध्ये त्यांनी कॅशचे भाग पाडून प्रत्येक भागाला वेगळे सूत्र दिले, म्हणजे सेझ्नेक यांच्या तिरप्या मांडणीचाच आधार घेतला.