ग्रेच्चोची गव्हाण आणि वेल्ह्याचा पेंढा

डिसेंबरात भोर-वेल्ह्याच्या खाचरांतील भाताची झोडणी आटोपलेली असते आणि ख्रिस्ती घरांत सणाच्या खर्चाची चिंता सुरू होते. नवे कपडे, केक, विजेचा तारा, बाजारातला तयार गोठा! उसनवारीने साजरा केलेला नाताळ पुढे पाडव्यापर्यंत फेडीत बसलेली कुटुंबे आम्ही पाहिली आहेत.

अशा वेळी आम्हांस १२२३ सालचे इटलीतील ग्रेच्चो गाव आठवते. चेलानोच्या थॉमसने लिहून ठेवले आहे की, असिसीच्या संत फ्रान्सिस यांनी सणाच्या सुमारे पंधरा दिवस आधी जॉन नावाच्या गृहस्थास तयारी सांगितली. मागितले काय? एक गव्हाण, थोडे गवत, एक बैल, एक गाढव. गावकरी मेणबत्त्या व मशाली घरूनच घेऊन आले. त्या गव्हाणीवर मिस्सा झाली आणि संत फ्रान्सिस यांनी (ते याजक नव्हते, डीकन होते) शुभवर्तमान गायिले.

आपल्याला तर गवतही शोधावयास नको. वेल्हे तालुक्याचे नाव राजगड झाले. पेंढा आणि नाचणी तीच आहे. आगमनकाळाच्या तिसऱ्या रविवारी थाळीत नाचणी पेरली, की नाताळला गोठ्यापुढे हिरवे शेत उभे राहते.

त्या दिवशी धनवंतांनी भुकेल्यांस पोटभर जेवू घालावे, बैल-गाढवांस नेहमीहून अधिक चारा द्यावा, अशीही संत फ्रान्सिस यांची इच्छा होती. खर्चाच्या यादीत ही रक्कम प्रथम लिहावी. मग लेकरांचे कपडे. आम्हां थोरांचे, जमल्यास.