जिला दावा लावता येत नाही, तिची जोखीम कोण मोजतं?

दसरा झाला की नारायणगडाच्या आसपासच्या वस्त्या रिकाम्या होतात. कोयते कारखान्यांकडे निघतात. याच बायांच्या बाजूने आम्ही एक प्रश्न विचारतो आहोत.

डॉक्टरांवर दावे वाढले की विम्याचे हप्ते वाढतात आणि उपचार महागतात, असं सांगितलं जातं. मराठवाड्याचा इतिहास काय सांगतो?

१९६३ साली औरंगाबादच्या सरकारी दवाखान्यात एका बाळंतिणीची नसबंदी झाली. पोटात टॉवेल राहिला. पोट पुन्हा उघडलं, पण ती वाचली नाही. नवऱ्याने दावा लावला. खालच्या कोर्टाने ३६,००० रुपये मंजूर केले, हायकोर्टाने ते नाकारले. सुप्रीम कोर्टाने १९९६ साली सरकारला जबाबदार धरलं. मृत्यूनंतर ३३ वर्षांनी!

त्याआधी १९९५ साली डॉक्टर ग्राहक कायद्याखाली आले. पण जिथे सगळ्यांनाच मोफत उपचार मिळतात, तो दवाखाना त्यातून वगळला. म्हणजे गरिबाच्या वाट्याला पुन्हा तेच लांबलचक दिवाणी कोर्ट.

आता २०१९ पाहा. सरकारी समितीपुढे आलेल्या पाहणीत बीडच्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. डोक्यावर मुकादमाची उचल, खाडा पडला की दंड, फडात ना संडास ना पाणी, त्यात कॅन्सरची भीती. हातात कागद नाही, वकिलाला पैसा नाही, आणि तारखेच्या दिवशी बाई दुसऱ्या जिल्ह्यात. ती दावा लावणारच नाही, मग हप्ता वाढेल कशाने? विमा दाव्याची जोखीम मोजतो, बाईच्या देहाची नाही.

थोडा लगाम बसला तो वेगळ्या मार्गाने: गर्भाशय काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकाची परवानगी सक्तीची झाली. म्हणजे सुरक्षितता शस्त्रक्रियेच्या आधीच्या तपासणीतून येते.

१९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा देताना बाबासाहेबांनी मांडलं होतं की आईच्या विश्रांतीचा भार सरकारने आणि तिच्या श्रमावर नफा कमावणाऱ्या मालकाने उचलावा. तोच न्याय इथे लावा. प्रत्येक शस्त्रक्रियेचं कारण मराठीत लेखी द्या. वकिलाशिवाय भरपाई मिळेल असा निधी उभारा, आणि त्यात साखर कारखान्यांनाही पैसे भरायला लावा.

आणि मायबहिणींनो, दवाखान्याचा एकही कागद टाकू नका.

जयभीम!