शिवणी, टाळू आणि आईची शंका

उत्तर स्पेनमधील अतापुएर्काच्या डोंगरात एक खोल कपार आहे. तिचे स्थानिक नाव 'हाडांचा खड्डा'. या खड्ड्यातून निघालेल्या तुकड्यांमधून संशोधकांनी एका मुलाची कवटी जुळवली आणि 2009 मध्ये तिचा अभ्यास प्रसिद्ध झाला. कवटी किमान चार लाख वर्षांपूर्वीची. तिच्या मागच्या बाजूची एक शिवण वेळेआधीच बुजून गेलेली, त्यामुळे डोके एका अंगाला वाकडे वाढलेले. हे मूल निदान पाच वर्षांचे होईपर्यंत जगले होते. आपली आजची मानवजात अस्तित्वात येण्यापूर्वीच्या त्या टोळीत अशा मुलाला कोणीतरी भरवले, उचलून नेले, जवळ ठेवले, असाच याचा अर्थ निघतो. संशोधकांनी त्या मुलाला 'बेंजामिना' असे लाडके नाव दिले. बाळाच्या डोक्याच्या वेगळ्या आकाराचा लेखी इतिहास फार नंतर सुरू होतो. आपला मागोवा मात्र या कवटीपासून सुरू करायला हवा.

शिवण म्हणजे काय, हे आधी पाहू. नवजात बाळाची कवटी एकसंध नसते. हाडांच्या पातळ पाट्या एकमेकींना लवचिक शिवणींनी जोडलेल्या असतात आणि जिथे तीन-चार पाट्या भेटतात तिथे टाळू असते. जन्माच्या वेळी या पाट्या एकमेकींवर सरकतात म्हणून डोके वाट काढू शकते. पुढे मेंदू वाढतो तसा त्यांच्यामधून त्याला जागा मिळते. जन्मतः सुमारे 34 ते 35 सेंटिमीटर असलेला डोक्याचा घेर वर्षभरात 46 च्या आसपास जातो. आयुष्यात पुन्हा कधीही डोके इतक्या वेगाने वाढत नाही. या एका वर्षात कवटी मऊही असते आणि घाईतही असते, आणि पुढची सगळी कथा या दोन गोष्टींभोवती फिरते.

आपल्याकडे सुश्रुताने डोक्यातील या पाच सांध्यांना 'सीमंत' म्हणून मर्मांत स्थान दिले. तिथे घाव बसला तर उन्माद, भय आणि अखेर मृत्यू, असे त्याने नोंदवले. वाग्भटाने 'अष्टांगहृदया'त लहान मुलांच्या रोगांमध्ये टाळू खोल जाण्याची अवस्था सांगितली आणि तिच्यासोबत अंगावर पिणे सोडणे, जुलाब, तहान ही लक्षणेही लिहिली. शरीरातले पाणी कमी झालेल्या बाळाची टाळू आजचा डॉक्टरही बोटाने अशीच चाचपतो. म्हणजे टाळूकडे पाहून बाळाची प्रकृती ओळखण्याची दृष्टी या देशात फार जुनी आहे. त्या मानाने डोक्याच्या आकाराकडे वैद्याने नव्हे, तर न्हाऊ घालणाऱ्या बाईने पाहिले. पाटावर बसून, पाय लांब सोडून, बाळाला पायांवर आडवे घ्यायचे, टाळू तेलाने भरायची, मग दोन्ही तळव्यांत डोके धरून ते हलक्या दाबाने गोल करत आणायचे आणि नाक चिमटीत धरून वर ओढायचे, हा क्रम महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत अजून चालतो.

आता गंमत अशी की, दुसऱ्या शतकात इफिससच्या सोरेनस या ग्रीक वैद्याने दाईसाठी लिहिलेल्या सूचनांत जवळजवळ हेच आहे: आंघोळीच्या वेळी तळव्यांनी बाळाचे डोके घडवावे, ते फार लांबटही होऊ नये आणि टोकदारही होऊ नये. त्याच्याही पाच-सहाशे वर्षे आधी, हिपोक्रेटसच्या परंपरेतल्या हवा-पाणी-स्थळांविषयीच्या ग्रंथात एका जमातीचे वर्णन येते. लांब डोके हे तिथे कुलीनतेचे लक्षण मानत, म्हणून जन्मताच हातांनी आणि पट्ट्यांनी डोके लांबवत. पेरूच्या पाराकास किनाऱ्यावर 1920 च्या दशकात हुलिओ तेल्यो यांच्या उत्खननात अशाच लांबवलेल्या कवट्या मोठ्या संख्येने मिळाल्या. अँडीजमधील ही प्रथा स्पॅनिश सत्तेने सोळाव्या शतकात बंद पाडायचा प्रयत्न केला. त्याच युरोपातल्या फ्रान्समध्ये मात्र तुलूझच्या परिसरात बाळाच्या डोक्याला घट्ट पट्टा बांधण्याची रीत थेट विसाव्या शतकाच्या उंबरठ्यापर्यंत टिकली. एका ठिकाणी जो आकार व्यंग ठरला तोच दुसऱ्या ठिकाणी शोभा ठरला. आकार बदलण्यासाठी हात मात्र सगळीकडे पुढे झाले. या सगळ्या हातांना एकच गोष्ट ठाऊक नव्हती: कोणते डोके बाहेरच्या दाबाने वाकडे झाले आहे आणि कोणते आतून अडले आहे.

या प्रश्नाकडे जाणारी वाट शवविच्छेदनाच्या मेजावरून गेली. आंद्रेआस व्हेसालियसने 1543 च्या आपल्या महाग्रंथात शिवणींच्या ठेवणीनुसार वेगवेगळ्या आकारांच्या कवट्या चितारल्या. पण त्यामागचा नियम सांगायला आणखी तीनशे वर्षे जावी लागली. 1851 मध्ये वुर्झबर्गला रुडॉल्फ फिर्खोने तो मांडला. एखादी शिवण अकाली बंद झाली तर तिच्या काटकोनातली वाढ थांबते आणि मेंदू जागा शोधत उरलेल्या दिशांनी कवटी ढकलतो. डोक्याच्या मधून पुढून मागे जाणारी शिवण बुजली की डोके रुंद होत नाही, होडीसारखे लांबट होते. कपाळावरची बुजली की कपाळ त्रिकोणी होते. नियमाला पुढे अपवाद सापडले, तरी बाहेरचा आकार पाहून आतली बंद शिवण ओळखण्याची किल्ली प्रथमच वैद्यकाच्या हाती आली.

किल्ली मिळाली आणि पाठोपाठ या कथेतला सर्वांत दुःखद टप्पा आला. 1888 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत लेव्ही कूपर लेन या शल्यविशारदाकडे एक आई आपले मूल घेऊन आली. बंद कवटीत कोंडलेला मेंदू मोकळा करून त्याला वाढू देता येणार नाही का, अशी तिची विनवणी होती. लेनने कवटीतून हाडाच्या पट्ट्या काढल्या. बाळ वाचले नाही. 1890 मध्ये पॅरिसच्या लानलाँगने अशाच शस्त्रक्रियांची माहिती प्रसिद्ध केली आणि काही वर्षे युरोप-अमेरिकेत तिची लाट आली. शस्त्रक्रियेच्या मेजावर येणाऱ्यांत अनेक मुले अशी होती की ज्यांचे डोके लहान होते ते शिवणी बंद झाल्यामुळे नव्हे. मेंदूच वाढत नव्हता, म्हणून कवटी लहान राहिली होती. कवटी उघडून त्यांना काहीही मिळणार नव्हते. अमेरिकेतील बालवैद्यकाचे जनक मानले जाणारे अब्राहम जाकोबी यांनी 1890 च्या दशकात अशा रुग्णांचा हिशेब मांडला तेव्हा जवळपास निम्मी मुले दगावलेली आढळली. त्यांनी या प्रकाराचा कडक शब्दांत निषेध केला. मला जाकोबींचा तो निषेध या इतिहासातला खरा वळणबिंदू वाटतो, कारण तोवर धाडसाचे कौतुक होत होते आणि निदानाची विचारपूस कोणी करत नव्हते. लेनकडे आलेल्या आईचा प्रश्न चुकीचा नव्हता. त्याला योग्य उत्तर देण्याइतके ज्ञान तेव्हा कोणाकडेही नव्हते, एवढेच.

त्या निषेधानंतर जवळजवळ तीन दशके ही शस्त्रक्रिया बाजूला पडली. 1927 मध्ये फेबर आणि टाउन यांनी खऱ्या अर्थाने शिवण बंद झालेल्या बाळांवर लवकर, म्हणजे डोळ्यांना आणि मेंदूला इजा होण्यापूर्वी, शस्त्रक्रिया करावी असे मांडले आणि ती पुन्हा मानाने परतली. दरम्यान 1906 मध्ये आपेर आणि 1912 मध्ये क्रुझाँ या फ्रेंच वैद्यांनी कवटीसोबत चेहराही बदलणाऱ्या आजारांची वर्णने केली होती. त्या मुलांसाठी पॅरिसजवळच्या पॉल तेसिए यांनी, जेरार गियो या मेंदू-शल्यविशारदांच्या साथीने, कवटीच्या आतून वाट काढत चेहऱ्याची हाडे पुढे आणण्याचे तंत्र घडवले. 1967 मध्ये रोमच्या परिषदेत त्यांनी ते मांडले तेव्हा एक नवी शल्यशाखाच जन्माला आली. पुढे 1990 च्या दशकात हिमेनेथ आणि बॅरोन यांनी दुर्बिणीतून, छोट्या चिरांमधून बंद शिवण काढायला सुरुवात केली. ही पद्धत हाड पातळ असेतो, साधारणपणे पहिल्या काही महिन्यांतच, चांगली साधते. त्यामुळे बाळाला केव्हा दाखवले, या प्रश्नाला एकदम वजन आले.

दुसरीकडे, शिवणी मोकळ्या असूनही डोके चपटे होणाऱ्या बाळांची संख्या अचानक वाढली, तीही एका चांगल्या कारणाने. पन्नाशीच्या दशकाअखेरीपासून डॉ. बेंजामिन स्पॉक यांच्या घरोघरी वाचल्या जाणाऱ्या पुस्तकाने बाळाला पालथे झोपवण्याकडे कल दिला होता. उताणे झोपलेल्या बाळाचे डोके एका बाजूने चपटे होऊ शकते, हे त्यामागचे एक कारण होते. पुढे न्यूझीलंड आणि ब्रिटनमधील अभ्यासांतून दिसले की पालथ्या झोपणाऱ्या बाळांत झोपेतल्या अचानक मृत्यूचा धोका कितीतरी अधिक असतो. 1992 मध्ये अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने पालथे झोपवू नका असे सांगितले, 1994 मध्ये देशव्यापी मोहीम सुरू झाली आणि असे मृत्यू निम्म्याहूनही कमी झाले. हजारो बाळे वाचली आणि त्यांतल्या अनेकांची डोकी मागून चपटी झाली. 1996 पासून वैद्यकीय नियतकालिकांत या चपटेपणाचे लेख दिसू लागले.

डोक्याला हेल्मेट घालून आकार सुधारण्याची कल्पना 1979 मध्येच सिएटलच्या स्टर्लिंग क्लॅरन यांनी मांडली होती. आता तिला मोठी मागणी आली. 2014 मध्ये नेदरलँड्समधील 84 बाळांवरील चाचणीचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. पाच-सहा महिन्यांच्या निम्म्या बाळांना सहा महिने, दिवसाचे 23 तास हेल्मेट घातले, उरलेल्यांना काहीच नाही. दोन वर्षांच्या वयात पूर्ण सुधारलेली बाळे पहिल्या गटात 26 टक्के, दुसऱ्या गटात 23 टक्के. हेल्मेटच्या गटातल्या प्रत्येक पालकाने त्वचेचा त्रास, घाम, वास यांपैकी काही ना काही तक्रार सांगितली. अतिशय तीव्र वाकडेपणा असलेली बाळे या चाचणीत नव्हती, म्हणून हेल्मेट कधीच नको असे त्यातून म्हणता येत नाही. मध्यम प्रमाणातल्या चपटेपणासाठी महागडे हेल्मेट परवडले नाही म्हणून कोणी आई-बाबा रडत असतील, तर हे आकडे त्यांच्यापर्यंत पोहोचायला हवेत.

आपल्याकडे बाळ पाळण्यात किंवा झोळीत उताणेच झोपत आले. म्हणून मागून चपटे डोके इथे नवे नाही, आणि त्यावरचा राईच्या उशीचा तोडगाही जुना आहे. मात्र पहिल्या वर्षात झोपेच्या जागी उशी नकोच, असे आता बालरोगतज्ज्ञ सांगतात. बाळ जागे असताना, कोणाच्या तरी नजरेसमोर, दिवसातून अनेकदा पोटावर ठेवणे, पाळण्यातली दिशा बदलत राहणे आणि मान एकाच बाजूला वळत असेल तर त्यासाठी व्यायाम करून घेणे, हे उपाय उशीपेक्षा कामाचे ठरतात. दाबून गोल करण्याची तर मुळीच गरज नाही. आतून अडलेली शिवण कोणत्याही तळव्याने उघडत नाही. 'तू डोक्याकडे लक्ष दिले नाहीस' हे बाळंतिणीला ऐकवले जाणारे वाक्य तर या सगळ्या ज्ञानाच्या उजेडात अन्यायाचेच आहे. सुमारे 2,000 ते 2,500 बाळांमागे एकात शिवण अकाली जुळते, आणि त्यात आईच्या निष्काळजीपणाचा काहीही संबंध नसतो.

हे ओळखायचे कसे, ते जवळून पाहण्याजोगे आहे. डॉक्टर बाळाला मांडीवर बसवून वरून पाहतात. झोपण्याने चपटे झालेल्या डोक्यात चपट्या बाजूचा कान आणि कपाळ पुढे सरकलेले असते, वरून आकृती कललेल्या चौकोनासारखी दिसते. मागची शिवण बंद असेल तर तोच कान बहुधा मागे, खाली ओढलेला असतो. मग ते शिवणीवरून बोट फिरवतात आणि हाडाचा कंगोरा उंचावला आहे का पाहतात, टाळू चाचपतात, टेपने घेर मोजून तक्त्यावर खूण करतात. शंका राहिली तरच सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅन. 2013 मध्ये पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात व्यंगांची जी नऊ नावे आहेत, त्यांत दुभंगलेले ओठ आहेत, वाकडे पाऊल आहे; शिवण अकाली जुळणे त्यांत नाही. त्यामुळे अंगणवाडीत तपासणीला येणारे पथक ते आपणहून शोधेलच असे नाही, आणि शंका आईनेच बोलून दाखवावी लागते. लसीकरणासाठी सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात बाळ दवाखान्यात जातेच. त्या तीन खेपा दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेची वेळ टळण्याआधीच्या आहेत, आणि टोपरे काढून 'डॉक्टर, हे डोके जरा वरून बघाल का' एवढे म्हणायला त्यांतली पहिलीच खेप सर्वांत चांगली.